फ्लॉपीची इमेज बूट सेक्टरपर्यंत ठीक, पुढे सगळं चुकतं. भूमितीचा घोळ आहे का?

रिकामा_स्लॉट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

मोजमापाच्या एका जुन्या यंत्राबरोबर आलेल्या साडेतीन इंची फ्लॉप्या माझ्याकडे आहेत. यंत्र अजून धडधाकट आहे, पण त्याला जोडलेला संगणक कायमचा गेला. प्रोग्राम डॉसवर चालतो. फ्लॉप्यांच्या इमेज (म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलीत नक्कल) करून क्यूईमूमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने अख्खा पीसी उभा करणाऱ्या एम्युलेटरमध्ये, चालवायच्या असं ठरवलं. यूएसबीवर चालणारा फ्लॉपी ड्राइव्ह आणि लिनक्सची डीडी आज्ञा, एवढंच साहित्य.

पहिली डिस्क बूटची. इमेज झाली, पण आभासी यंत्र सुरू केलं की "नॉन-सिस्टिम डिस्क ऑर डिस्क एरर" एवढंच दिसतं. हेक्स एडिटरमध्ये पाहिलं तर बूट सेक्टर व्यवस्थित आहे. शेवटी ५५ एए आहे, डॉस सुरू करणाऱ्या आयओ.सिस फाइलीचं नाव आहे. एमटूल्सने (लिनक्सवरून डॉसच्या डिस्का वाचणारी साधनं) पाहिलं तर डिरेक्टरीही दिसते, फाइलींची नावं आणि तारखा बरोबर. मग डॉसलाच ती का दिसू नये?

दुसरी डिस्क यूएसबी ड्राइव्ह वाचतच नाही. तिसरी म्हणजे याच प्रोग्रामची आणखी जुनी आवृत्ती. ती सव्वापाच इंची फ्लॉपीवरून कोणीतरी केलेली इमेज आहे, आकार ३,६८,६४० बाइट. चौथीवर "की डिस्क" असं लिहिलंय, तिला अजून हात लावलेला नाही.

जाणकारांनी वाट दाखवावी.

---

सहावा_इंटरप्ट

पहिल्या इमेजचा आकार सांगा. "१.४४ एमबी" असं नको, नेमके बाइट.

---

रिकामा_स्लॉट

१४,७४,०४८.

---

सहावा_इंटरप्ट

सापडलं. आकार १४,७४,५६० हवा होता. तुमच्याकडे बरोबर ५१२ बाइट कमी आहेत, म्हणजे एक सेक्टर गळलाय.

एका सेक्टरने एवढा गोंधळ कसा होतो ते सविस्तर लिहितो, कारण पुढच्या तिन्ही डिस्कांना तेच लागणार आहे.

फ्लॉपीवरचा पत्ता तीन आकड्यांचा असतो: सिलिंडर, हेड, सेक्टर. १.४४ च्या डिस्कवर ८० सिलिंडर, २ हेड आणि दर ट्रॅकला १८ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट. गुणाकार केला की १४,७४,५६० येतात. आता साधी इमेज पाहा. तिच्यात हे सेक्टर एकामागे एक ओळीने ठेवलेले असतात, बस. एका ट्रॅकवर किती सेक्टर होते, बाजू एक होती की दोन, यातलं काहीही त्या फाइलमध्ये नोंदलेलं नसतं. मग एम्युलेटर काय करतो? फाइलचा आकार बघतो आणि आपल्या कोष्टकात शोधतो. १४,७४,५६० दिसले की १८ सेक्टर. ७,३७,२८० दिसले की ९. १२,२८,८०० म्हणजे १.२ ची डिस्क, १५ सेक्टर. २९,४९,१२० म्हणजे २.८८ ची, ३६ सेक्टर.

तुमचा १४,७४,०४८ हा आकडा कोष्टकात कुठेच नाही. ड्राइव्हचा प्रकार आपण सांगितला नसेल आणि आकारावरूनही ठरला नाही, तर क्यूईमू २.८८ चा ड्राइव्ह धरतो आणि दर ट्रॅकला ३६ सेक्टर मानतो. इथून पुढे हिशोब बिघडतो.

डॉसचा बूट सेक्टर स्वतःतल्या कोष्टकावरून चालतो. त्या कोष्टकाला बीपीबी म्हणतात, आणि त्यात दर ट्रॅकला १८ असंच लिहिलेलं आहे. मूळ डिरेक्टरी १९ व्या क्रमांकावर आहे (मोजणी शून्यापासून). १८ ने भागून तो पत्ता काढतो: सिलिंडर ०, हेड १, सेक्टर २. एम्युलेटर तोच पत्ता ३६ च्या हिशोबाने उलट फिरवतो: पहिल्या बाजूचे ३६, अधिक १, म्हणजे क्रमांक ३७. तिथे डिरेक्टरी नाही. या डिस्कवर फाइलींचा मजकूर ३३ व्या सेक्टरपासून सुरू होतो, म्हणजे ३७ वर बहुधा आयओ.सिसच्याच पोटातला कोड आहे. बूट सेक्टर तिथे फाइलीचं नाव शोधतो, ते मिळत नाही, आणि तुम्हाला तो संदेश दिसतो.

बूट सेक्टर आणि फॅटची (कोणती फाइल कुठे आहे त्या कोष्टकाची) पहिली प्रत पहिल्याच ट्रॅकवर असल्यामुळे ती चुकत नाहीत. पहिले १८ सेक्टर दोन्ही हिशोबांत एकाच जागी येतात. म्हणून "थोडं चालतं आणि मग अडतं" असं दिसलं की मी आधी भूमिती, म्हणजे सिलिंडर-हेड-सेक्टरांची मांडणी, तपासतो. एमटूल्सला फरक पडला नाही कारण ते सिलिंडर-हेडच्या भानगडीत न पडता फाइलीतल्या सरळ क्रमांकावरून वाचतं.

तात्पुरता उपाय: फाइलीच्या शेवटी ५१२ शून्य बाइट जोडा, आणि ड्राइव्हचा प्रकार क्यूईमूला स्वतः सांगा. फ्लॉपी उपकरणाला "ड्राइव्ह-टाइप" नावाचा पर्याय आहे, त्यात १४४ लिहायचं.

---

बूटलोडरवाला

सहावा_इंटरप्ट, हा प्रतिसाद मला तीन वर्षांपूर्वी मिळायला हवा होता.

थोडं अवांतर, पण याच विषयातलं. छंद म्हणून मी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम लिहितो. माझा बूटलोडर इंटरप्ट १३ ला (डिस्क वाचून देणारी बायोसची सेवा) एका दमात ४० सेक्टर मागत असे आणि एम्युलेटर ते निमूट देत असे. खऱ्या संगणकावर फ्लॉपी घातली तर पहिल्याच वाचनाला नकार. तेव्हा कळलं की खऱ्या कंट्रोलरला ट्रॅकची हद्द असते. "मल्टिट्रॅक" हा बिट लावला तर तो त्याच सिलिंडरच्या दुसऱ्या बाजूवर जाऊ शकतो, पण पुढच्या सिलिंडरवर आपणहून जात नाही. बायोसने ते तुकडे करून द्यायला हवेत अशी अपेक्षाच चुकीची.

दुसरी ठेच डीएमएची, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा थेट मेमरीत नेण्याच्या सोयीची. फ्लॉपीचा डेटा डीएमएच्या चॅनल २ मधून येतो, आणि एकाच हस्तांतरात ६४ केबीची सीमा ओलांडता येत नाही. ओलांडली की बायोस त्रुटी क्रमांक ०९ देतो. माझा बफर त्या सीमेवर बसला होता. एम्युलेटरने कधी तक्रार केली नाही.

आता मी एका वेळी एकच ट्रॅक वाचतो आणि बोक्स या दुसऱ्या एम्युलेटरवरही चाचणी घेतो. तिथे ड्राइव्हचा प्रकार मांडणी-फाइलीत स्वतः लिहायचा असतो, त्यामुळे आपण काय धरून चाललोय ते डोळ्यांसमोर राहतं.

---

अभिलेखिका

रिकामा_स्लॉट, शेवटी शून्यं जोडण्याआधी थांबा. डीडी चालवताना "नोएरर" दिलं होतं का? आणि त्याच्या जोडीला "सिंक" दिलं होतं का?

---

रिकामा_स्लॉट

नोएरर दिलं होतं. एका ठिकाणी ड्राइव्ह बराच वेळ खरखरत होता, म्हणून. सिंक माहीत नव्हतं.

---

अभिलेखिका

मग गळलेला सेक्टर शेवटचा नाही, मधला आहे. नोएरर म्हणजे चूक आली तरी पुढे जा. पण सिंक नसेल तर न वाचलेल्या सेक्टरच्या जागी काहीच लिहिलं जात नाही आणि त्यापुढचं सगळं ५१२ बाइट अलीकडे सरकतं. शेवटी शून्यं जोडलीत तर आकार जुळेल, एम्युलेटर खूश होईल, डॉस बूटही होईल, कारण त्याच्या फाइली सुरुवातीलाच असतात. पण गळलेल्या जागेनंतरच्या प्रत्येक फाइलीची सुरुवात एक सेक्टर अलीकडे गेलेली असेल. मापं घेणाऱ्या प्रोग्रामच्या बाबतीत हे मला फार धोक्याचं वाटतं. प्रोग्राम सुरू झाला नाही तर निदान कळतं. पण कॅलिब्रेशनची एखादी फाइल एका सेक्टरने सरकलेली असताना तो चालला तर आकडे चुकीचे येतील आणि कोणाला पत्ता लागणार नाही.

तपासायची सोपी रीत अशी. डॉसच्या प्रत्येक ईएक्सई फाइलीची पहिली दोन अक्षरं "एमझेड" असतात, हेक्समध्ये ४डी ५ए. डिरेक्टरीतून प्रत्येक फाइलीचा पहिला क्लस्टर काढा. या डिस्कवर क्लस्टर म्हणजे एकच सेक्टर, आणि क्लस्टर २ हा क्रमांक ३३ वर. त्या जागी एमझेड आहे का बघत चला. जिथे पहिल्यांदा ते एक सेक्टर अलीकडे सापडेल, त्याच्या आणि आधीच्या बरोबर फाइलीच्या मध्ये कुठेतरी ती फट आहे.

आणि शक्य असेल तर डिस्क पुन्हा वाचा, डीडीआरेस्क्यूने. ते वाचलेल्या आणि न वाचलेल्या जागांचा नकाशा वेगळ्या फाइलीत ठेवतं, जागा सोडून देत नाही, आणि त्याच नकाशावर पुन्हा पुन्हा प्रयत्न करता येतो.

---

दूरचा_वाचक

एक बाळबोध प्रश्न. आता फ्लॉपी कोणी वापरत नाही, तर आभासी यंत्रांत तो कंट्रोलर ठेवतात तरी कशाला?

---

सहावा_इंटरप्ट

प्रश्न बाळबोध नाही. २०१५ च्या मे महिन्यात हाच प्रश्न खूप जणांना पडला होता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या जेसन गेफनर यांनी क्यूईमूच्या फ्लॉपी कंट्रोलरमधली एक खोट उघड केली, तिला व्हेनम असं नाव पडलं. कंट्रोलरच्या आज्ञा ज्या ५१२ बाइटांच्या बफरमध्ये गोळा होतात, त्याची जागा काही आज्ञांनंतर परत शून्यावर येत नव्हती. पाहुणं यंत्र बाइट पाठवत राहिलं तर ते बफरच्या बाहेर लिहिले जायचे, आणि त्यातून यजमान यंत्रात शिरता येण्याची शक्यता होती. ही चूक २००४ पासून तिथे होती. तोच कोड झेन, केव्हीएम आणि व्हर्च्युअलबॉक्समध्येही पोचला होता. व्हीएमवेअर, हायपर-व्ही आणि बोक्सला झळ लागली नाही. फ्लॉपी ड्राइव्ह जोडलेला नसला तरी झेन आणि क्यूईमूत कंट्रोलर चालूच राहत असे, ही त्यातली सर्वांत वाईट गोष्ट.

ठेवतात याचं कारण जुना पीसी पूर्ण उभा करायचा तर एनईसीच्या ७६५ चिपच्या घराण्यातला कंट्रोलर, ३एफ० ते ३एफ७ ही पोर्टं आणि इंटरप्ट ६ लागतातच. जुन्या विंडोजच्या स्थापनेत डिस्कचे ड्रायव्हर फ्लॉपीवरून द्यावे लागायचे, तेही एक कारण होतं. हायपर-व्हीने दुसऱ्या पिढीच्या यंत्रांतून फ्लॉपी काढूनच टाकली.

---

रिकामा_स्लॉट

अभिलेखिका, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. आधी उत्सुकतेपोटी एका प्रतीच्या शेवटी शून्यं जोडून पाहिली. डॉस बूट झालं, प्रोग्रामचा पहिला पडदा आला आणि तिथेच थिजला. मग एमझेड शोधत गेलो. पहिल्या तीन ईएक्सई जागेवर, चौथी एक सेक्टर अलीकडे.

मूळ डिस्क डीडीआरेस्क्यूने वाचली. नकाशात एकच खराब जागा आली, क्रमांक १२०६. म्हणजे सिलिंडर ३३, हेड १, सेक्टर १. अकराव्या फेरीत तोही वाचला गेला! आता इमेज १४,७४,५६० बाइटांची आहे, बूट होते आणि प्रोग्रामचा मुख्य मेनू येतो. हा पडदा मी सहा वर्षांनी पाहतोय.

आता बाकीच्या तीन.

---

अभिलेखिका

छान झालं! अकरा फेऱ्या करण्याचा धीर कामी आला. मधूनमधून ड्राइव्हची हेडं साफ करत जा, एका खराब डिस्कची धूळ पुढच्या चांगल्या डिस्कला ओरखडते.

दुसऱ्या डिस्कबद्दल माझा कयास असा की ती डीएमएफ असावी. मायक्रोसॉफ्टने आपली सॉफ्टवेअरं कमी फ्लॉप्यांवर मावावीत म्हणून दर ट्रॅकला १८ ऐवजी २१ सेक्टर बसवले. एकूण १७,२०,३२० बाइट. बहुतेक यूएसबी ड्राइव्हना ठरावीक दोन-तीन मांडण्याच येतात, त्यात ही नसते. आतल्या ३४ पिनांच्या केबलवर चालणारा जुना ड्राइव्ह लागेल.

हे तीन जास्तीचे सेक्टर बसतात कुठे, हे मला फार आवडतं म्हणून सांगते. डिस्क मिनिटाला ३०० फेरे फिरते, म्हणजे एका फेऱ्याला ०.२ सेकंद. डेटाचा वेग सेकंदाला ५,००,००० बिट. एका फेऱ्यात १,००,००० बिट, म्हणजे १२,५०० बाइट. १८ सेक्टरांचे होतात ९,२१६. उरलेली जागा सेक्टरांची शीर्षकं, सीआरसी (डेटा बरोबर वाचला का ते पडताळणारा आकडा) आणि मधल्या मोकळ्या पट्ट्या यांत जाते. डीएमएफने त्या पट्ट्या आवळल्या. आयबीएमने एक्सडीएफमध्ये याहून पुढे जाऊन एकाच ट्रॅकवर वेगवेगळ्या आकाराचे सेक्टर ठेवले आणि डिस्क १.८४ पर्यंत नेली. ओएस/२ वॉर्प अशा डिस्कांवर आलं होतं. १२,५०० ला १६० ट्रॅकांनी गुणलं की २० लाख. कोऱ्या फ्लॉपीवर "२ एमबी" का छापायचे ते यातून कळतं.

---

सहावा_इंटरप्ट

डीएमएफची १७,२०,३२० ची इमेज क्यूईमूला आकारावरून ओळखता येते, २१ सेक्टरांची ओळ त्याच्या कोष्टकात आहे.

तिसऱ्या इमेजबद्दल. ३,६८,६४० म्हणजे ७२० सेक्टर. ४० सिलिंडर, २ बाजू, ९ सेक्टर घेतले तरी ७२०. ८० सिलिंडर, १ बाजू, ९ सेक्टर घेतले तरीही ७२०! आकारावरून निवाडा होऊच शकत नाही. क्यूईमूच्या कोडमध्ये या दोन्ही ओळी आहेत, आणि सव्वापाच इंचीला आधी धरायचं म्हणून तिथे मुद्दाम टीप लिहून क्रम लावलाय. तुमची डिस्क सव्वापाच इंचीच होती, म्हणून ४० सिलिंडर. खात्री हवी तर फॅटचा पहिला बाइट पाहा. एफडी असेल तर दोन्ही बाजूंची, ९ सेक्टरांची, ४० ट्रॅकची. बूट सेक्टरमधल्या कोष्टकावर इतक्या जुन्या डिस्कांत विसंबू नका. बीपीबी डॉस २.० पासून आला, त्याआधीच्या डिस्कांत त्या जागी कोड असतो.

हिला ड्राइव्हचा प्रकार १२० द्या. १.२ चा ड्राइव्ह ३६० ची डिस्क वाचतो, साडेतीन इंची १.४४ चा नाही. खऱ्या जगात ती डिस्क त्या फटीत शिरलीच नसती.

---

बूटलोडरवाला

इमेज दुसऱ्या कोणी केलेली असेल तर आणखी एक बघा. काही साधनं आधी पहिली बाजू पूर्ण आणि मग दुसरी बाजू पूर्ण लिहितात. आकार तोच, बूट सेक्टर ठीक, पहिल्या ट्रॅकच्या पुढे खिचडी. लक्षणं अगदी तुमच्या पहिल्या इमेजसारखी आणि कारण भलतंच.

---

दूरचा_वाचक

म्हणजे सगळ्या घोळाचं मूळ इमेजमध्ये भूमिती न लिहिणं. मग लिहिणारे प्रकार नाहीत का?

---

अभिलेखिका

आहेत, आणि चौथ्या डिस्कला तेच लागतील. इमेजडिस्कचा आयएमडी प्रकार दर ट्रॅकला सेक्टर किती, त्यांचे क्रमांक कोणत्या क्रमाने, आकार किती, आणि कुठला सेक्टर चुकीच्या सीआरसीने वाचला, हे सगळं नोंदवतो. त्याच्याही खाली गेलं तर क्रायोफ्लक्स, ग्रीझवीझल यांसारखी उपकरणं आहेत. ती सेक्टर शोधतच नाहीत. हेडखालून जाणारे चुंबकीय बदल (फ्लक्स) कोणत्या क्षणी आले तेवढं टिपतात, अर्थ नंतर लावायचा.

पीसीच्या बाहेर पाऊल टाकलं की त्यावाचून चालत नाही. मॅकची ४०० केबीची डिस्क पाहा. ८० ट्रॅक, पण बाहेरच्या १६ ट्रॅकवर १२ सेक्टर, पुढच्या १६ वर ११, मग १०, ९, ८. बेरीज ८०० सेक्टर. "दर ट्रॅकला किती" या प्रश्नाला तिथे एक उत्तरच नाही. ड्राइव्ह आतबाहेर जाताना फिरण्याचा वेग बदलतो. कमोडोर १५४१ वरही २१ पासून १७ पर्यंत सेक्टर उतरत जातात, ३५ ट्रॅकचे मिळून ६८३.

"की डिस्क" लिहिलेलं आहे म्हणजे बहुधा कॉपी होऊ नये म्हणून कुठल्यातरी ट्रॅकवर काहीतरी विचित्र लिहिलेलं असेल. साध्या इमेजमध्ये ते येणारच नाही. ती डिस्क यूएसबी ड्राइव्हमध्ये घालू नका आणि आधी तिची लिहिण्याची खिडकी उघडी करा, म्हणजे तिच्यावर चुकूनही काही लिहिलं जाणार नाही.

---

रिकामा_स्लॉट

तीन आठवड्यांनी परत आलोय. एका सहकाऱ्याकडून ग्रीझवीझल आणि आतला ड्राइव्ह मिळाला.

दुसरी डिस्क डीएमएफच, १७,२०,३२० बाइट, सगळे सेक्टर पहिल्या झटक्यात. तिसरीत फॅटचा पहिला बाइट एफडी, १२० प्रकार दिल्यावर बूट झाली.

चौथीचं सांगण्यासारखं. सिलिंडर ७९, हेड १ वर सतरा सेक्टर नेहमीसारखे आहेत, आणि अठराव्याच्या जागी जो आहे त्याचा क्रमांक ४२, सीआरसी चुकीचा. तो पाच वेळा वाचला, पाचही वेळा डेटा तोच आणि सीआरसी तसाच चुकीचा. म्हणजे डिस्क खराब झालेली नाही, तो तसाच लिहिलेला आहे. आयएमडी करून ८६बॉक्स या एम्युलेटरमध्ये लावली आणि प्रोग्राम पूर्ण उघडला.

मग डीबगरमध्ये पाहिलं की तो नेमकं काय मागतो. तो ४२ क्रमांकाचा सेक्टर वाचायला सांगतो आणि बायोसकडून त्रुटी १० येण्याची वाट पाहतो, म्हणजे "सेक्टर सापडला, पण सीआरसी जुळला नाही". त्याच डिस्कची साधी इमेज लावली तर ०४ येते, "सेक्टर सापडलाच नाही", आणि प्रोग्राम बंद होतो. वाचन यशस्वी झालं तरीही तो बंद होतो. त्याला ती एकच चूक हवी असते.

तीन डिस्कांच्या फ्लक्स फाइली आणि तिसरीची इमेज दोन ठिकाणी ठेवल्यात. प्रत्येकीसोबत साध्या मजकुराच्या फाइलीत ड्राइव्हचा प्रकार, सिलिंडर, हेड, सेक्टर आणि १२०६ व्या सेक्टरला लागलेल्या अकरा फेऱ्या लिहून ठेवल्यात. सहावा_इंटरप्ट आणि अभिलेखिका, तुमचे मनापासून आभार. यंत्र सिरियल पोर्टवरून जोडायचं बाकी आहे, त्यासाठी वेगळा धागा काढतो.